त्या खोलीत आम्ही दोघं होतो

४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

खुशाली शेवटी सांगेन, आधी भांडून घेते.

आज सकाळी मास्तर इस्त्रीचे कपडे घेऊन आले. हेच ते, पलीकडच्या गल्लीतले, विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, ज्यांच्याशी तू या महिनाअखेरीस सभागृहात वाद घालणार आहेस. सदऱ्यांच्या गठ्ठ्यावर एक पत्रक ठेवून म्हणाले, "अभिनंदन हो. तुम्ही पुरावा झालात."

मला वाटलं थट्टा करताहेत. चष्मा लावून वाचलं. वर मोठ्या अक्षरांत 'विश्वाला कर्ता आहे काय?' खाली तुझा फोटो, हनुवटीला हात लावलेला. तो कधी काढून घेतलास? पोट दुखत असल्यासारखा दिसतोस. आणि त्याखाली, 'जिवंत पुरावा: वक्त्यांच्या भगिनी स्वतः मंचावर उपस्थित राहतील.'

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, साधं कुणाकडे जेवायला जायचं तरी माणूस आधी कळवतो. तू मला न विचारता थेट विश्वाच्या उत्पत्तीत नेऊन उभं केलंस.

लाँड्रीतला बॉयलर फुटला आणि मी वाचले, ती गोष्ट तू व्याख्यानांत सांगतोस हे मला ठाऊक होतं. इकडून तिकडून कानावर यायचं. म्हटलं, सांगू दे, लहानपणापासून त्याला बोलायची हौस. पण मंचावर मी येऊन दाखवायचं काय? न भाजलेले हात? सध्या माझ्याकडे दाखवण्यासारखे दोन सुजलेले गुडघे आहेत, आणि ते बघून कुणाचा देवावर विश्वास बसेल असं वाटत नाही.

देव आहे की नाही, यावर तुझं माझं भांडण नाही. रोज सकाळी बॉयलर पेटवण्याआधी मी देवापुढे डोळे मिटून उभी राहते, बॉयलर फुटण्याआधीही राहत होते. मिटलेल्या डोळ्यांना जे मिळतं ते मला पुरतं. ते उचलून लोकांना पटवायला निघावं असं मला कधी वाटलं नाही. तुला वाटतं, तर खुशाल निघ. पण जाताना माझा हात धरून ओढू नकोस.

पत्रक ह्यांच्या हातात दिलं. कान गेल्यापासून हे जे वाचतात ते मोठ्याने वाचतात, त्यामुळे तुझं पत्रक अख्ख्या लाँड्रीने ऐकलं. 'जिवंत पुरावा'पाशी थांबले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तू? तुला चष्मा कुठे ठेवलास ते आठवत नाही." मग म्हणाले, धाकटा येतोय, बरं झालं, किती दिवसांत आला नाही. दिवसभर खूश होते.

फोन करू नकोस. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय. ते वाक्य पत्रकातून काढ आणि पाहुणा म्हणून घरी ये. माडीवरची खोली झाडून ठेवते.

इकडे सगळे बरे आहेत.

तुझी ताई


१३ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

मला चार ओळींचं उत्तर पुरलं असतं, तू व्याख्यान पाठवलंस. ते मी दोन बैठकांत वाचलं. पहिल्या बैठकीत डुलकी लागली, हे आधीच सांगते.

माझं शिक्षण तुला माहीत आहे. गिऱ्हाइकांचे कपडे ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळायचे ती आधी वाचून काढायची, एवढीच माझी शाळा. तेव्हा समजलं तेवढ्यावरच बोलते. तू म्हणतोस, ज्याला सुरुवात आहे त्याला सुरू करणारा हवा, विश्वाला सुरुवात आहे, म्हणून कर्ता हवा. मला पटलं. संध्याकाळी मास्तर आले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात त्यांना ते ऐकवलं. ते म्हणाले, "मग कर्त्याला कोणी केलं?" म्हटलं, त्याला करायला लागत नाही, तो असतोच. ते म्हणाले, "असं 'असतोच' चालत असेल तर ते विश्वालाच म्हणून टाका, एक पायरी वाचेल." मी त्यांचे सदरे मोजायला घेतले. तुला उत्तर सुचेल. पण मला तुम्ही दोघे कसे दिसता सांगू? अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन जाडी माणसं. मागे कोणी सरायचं नाही, आणि बाकीच्यांनी बाहेर ताटकळायचं.

एक मात्र मनाला लागलं. पहिल्याच पानावर लिहिलंयस, की काहीच नसतं तरी चाललं असतं, तरीही काहीतरी आहे, याचं आधी नवल करा. ते वाचून मी हातातली इस्त्री उभी करून ठेवली. वाफेकडे बघत राहिले. खरंच की, काहीच नसतं तर कोणाची तक्रार होती? हे इतकं चांगलं आणि तू ते अर्ध्या पानात उरकून धावत सुटतोस, कुठे, तर माझ्या बॉयलरकडे. म्हणे सामान्य माणसाला अनुभवाचा पुरावा लागतो. सामान्य माणूस इथे बसलाय रे, त्याला अर्धं पान पुरलं होतं.

आता खरी गोष्ट. तुझी भाची रविवारी आली होती. म्हणाली, आई, मामाचं भाषण मोबाईलवर आहे, बघू या. मोबाईल बाहेरच्या बाकावर टेकवून आम्ही तिघं बसलो. आजवर मी तुझी ती गोष्ट लोकांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

"लाँड्रीत माझी बहीण एकटीच होती." असं तू म्हणालास. मग आवाज आला, "भगिनी, बाहेर ये." मी बाहेर पाऊल टाकलं आणि मागे स्फोट झाला. "आणि श्रोतेहो, कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही."

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी मोबाईलकडे बघत राहिले. आणि हे माझ्या शेजारी बसून तुझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते, चेहरा कौतुकाने नुसता फुललेला. मला कोपराने ढोसून म्हणाले, "काय म्हणतोय?"

मी पाटीवर लिहिलं, विश्वाबद्दल बोलतोय.

"हुशार आहे," हे म्हणाले. ते 'हुशार आहे' रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानेही ऐकलं असेल.

धाकट्या, पत्रकाचं जाऊ दे. मला एवढंच सांग, माझा नवरा त्या खोलीतून कुठे गेला?

ताई


२० नोव्हेंबर

धाकट्या,

'प्रिय' आज लिहीत नाही. तू प्रिय आहेस, पण लिहीत नाही.

तुझं उत्तर पोचलं. निदान लपवाछपवी केली नाहीस, तेवढं बरं. लिहितोस, की सुरुवातीला तू भावोजींसकट सगळं सांगायचास. मग कुठल्याशा गावी मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, देवाने बहिणीला हाक मारली, तर मेव्हण्याला का नाही मारली? सभा गार पडली. तुला उत्तर आलं नाही. पुढच्या गावी तू भावोजींना गाळलंस, आणि सभा गार पडली नाही.

म्हणजे प्रश्नाचं उत्तर सापडेना म्हणून तू प्रश्नच घरी ठेवून निघालास. तो प्रश्न सकाळी माझ्याबरोबर चहा पितो रे. त्याच्याशी बोलायचं तर मला पाटीवर लिहावं लागतं.

आमच्या धंद्यात एक लबाडी असते. चादरीवरचा डाग निघालाच नाही, तर काही जण घडी अशी घालतात की डाग आत जातो. वरून कशी पांढरीशुभ्र, कडक. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं. पण चादर कधीतरी अंथरावी लागतेच. डाग राहिला तर मी गिऱ्हाइकाला तो बोट लावून दाखवते, शिव्या खाते आणि घरी येते. तुला एवढं शिकून ही घडी कोणी शिकवली?

आणि 'भगिनी, बाहेर ये' हे कुठून आणलंस? आयुष्यात मला कोणी भगिनी म्हटलेलं नाही. तसा आवाज आला असता तर दुसऱ्या कोणाला बोलावताहेत असं समजून मी तिथेच उभी राहिले असते.

काय झालं ते आता तुला नीट लिहून देते. मास्तरांना सांगून झालंय. मास्तरांचं पुढे सांगते. त्या दिवशी दुपारी मी इस्त्रीच्या टेबलाशी होते. हे मागे बॉयलरपाशी, वाफ सोडायची झडप अडकली होती ती बघत. यंत्राचा घरघराट चालू होता. कोणीतरी म्हणालं, "अगं!" एवढंच. मी हातातलं ठेवलं आणि दाराबाहेर आले. बाहेर का आले, आवाजाच्या दिशेने आत का नाही गेले, हे मला सांगता येत नाही. मग फुटला.

शुद्धीवर आल्यावर ह्यांना कानांनी काही ऐकू येईना, आणि त्या दुपारचं काही आठवेना. डॉक्टर म्हणाले, असं होतं. "अगं"चं मी ह्यांना कधी विचारलं नाही. विचारून काय होणार होतं? मारली असेल हाक तर आठवत नाही म्हणून जिवाला लावून घेतील. तुला तेव्हा मी फक्त, कोणीतरी हाक मारली, एवढंच सांगितलं होतं. त्या 'कोणीतरी'चं तू काय केलंस ते आता कळलं.

मास्तरांना हे सांगितलं तर ते उडालेच. म्हणाले, "झालं की! तुमच्या यजमानांनीच हाक मारली. आता तुम्ही सभेत उठून एवढंच सांगा, खेळ खलास." मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "दुसरं कोण असणार?" म्हटलं, दुसरं कोण असणार हा तुमचा अंदाज आहे, आणि तो चांगलाही आहे, मलाही तसंच वाटतं. पण वाटतं ते सभेत 'माहीत आहे' म्हणून सांगायचं, तर माझ्या भावात आणि तुमच्यात फरक तो काय? मास्तर रागावून गेले, आणि वाळलेले कपडे इथेच विसरले. एकाला मी देवाची साक्षीदार हवी, दुसऱ्याला देवाविरुद्धची. दोघांनी मिळून माझं डोकं पिकवलंय. मला कोणी विचारत नाही, बाई, तू काय ऐकलंस.

आता तुझ्या पत्राचं शेवटचं पान. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. लिहितोस, तोवर तू देव मानत नव्हतास, आणि त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात पहिल्यांदा प्रार्थना केलीस. कोणासाठी, ते लिहिलं नाहीस. मला माहीत आहे. मी खोलीच्या दाराशी होते. तू भिंतीकडे तोंड करून रडत होतास आणि ह्यांचं नाव घेत होतास. माझं नाही, मी तर धडधाकट उभी होते. तुझी गोष्ट सुरू झाली ती ह्यांच्यापासून. आणि त्यांनाच तू बाहेर काढलंस, का, तर मागितलं तेवढं सगळं मिळालं नाही म्हणून? जीव मिळाला, कान मिळाले नाहीत. हे अर्धं मिळालेलं सांगायला तुला लाज वाटते, की देवाच्या वतीने वाटते?

तुला दुसरी वाट हवी असेल तर देते. देवाने ह्यांच्या तोंडून हाक मारली, असं म्हण. मी हरकत घेणार नाही, मास्तर घेतील, तुम्ही बघून घ्या. पण मग ते तोंड तरी त्या खोलीत असू दे.

ताई


२७ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पोस्टकार्ड आलं. लॉजवर उतरणार म्हणे, आयोजकांनी सोय केलीय म्हणे. बरं. माडीवरच्या खोलीत आता हे कांद्यांची पोती ठेवू म्हणतात.

'विचार करतो' एवढंच लिहिलंस. कर, पण लवकर कर, कारण इकडे एक भानगड झालीय.

तुझ्या भाचीने वडिलांच्या मोबाईलमध्ये काहीतरी घालून दिलंय. समोरचा बोलतो ते त्याच्यावर अक्षरांत उमटतं. मोठ्या, ठळक अक्षरांत, चष्म्याशिवाय दिसतील अशा. परवा मी बोलले ते ह्यांनी वाचलं आणि वाचता वाचता डोळे पुसले. इतक्या वर्षांत माझं बोलणं त्यांना पाटीवर जेवढं मावेल तेवढंच मिळायचं. भरभर बोललं की यंत्र मधली वाक्यं गाळतं, दोन माणसं एकदम बोलली की गोंधळतं, पण हळू बोललं की बरंच नीट लिहितं. हे दिवसभर गिऱ्हाइकांपुढे मोबाईल धरताहेत. गिऱ्हाईक म्हणतं, चार सदरे, दोन चादरी. हे ते मोठ्याने वाचतात आणि जिंकल्यासारखं माझ्याकडे बघतात.

तर रविवारी हे पहिल्या रांगेत बसणार. कोट काढलाय, स्वतः इस्त्री केलीय, माझ्या हातची नको म्हणाले. सगळ्यांना सांगत सुटलेत, इतकी वर्षं माझा मेव्हणा बोलतो आणि मला कळत नाही, आता प्रत्येक शब्द वाचणार. भाचीने मला विचारलं, आई, बाबांना आधी सांगायचं का? मी म्हटलं, मामा विचार करतोय.

म्हणून हे पत्र आयोजकांच्या पत्त्यावर पाठवतेय, तू येण्याआधी तिथे पडलेलं असेल. मी मंचावर येणार नाही, हे नक्की. पहिल्या रांगेत ह्यांच्या शेजारी असेन. विश्वाचं तुला जे सिद्ध करायचं ते कर. सुरुवातीचं बोल, ग्रहताऱ्यांच्या शिस्तीचं बोल, ते काहीतरी असण्याचं नवल तर जरूर बोल, त्यासाठी मी टाळ्या वाजवीन. बॉयलरची गोष्ट मात्र एक तर सगळी सांग, नाही तर सांगूच नकोस. पुन्हा 'एकटीच होती' म्हणालास तर मी उठेन. गुडघे दुखले तरी उठेन.

ही धमकी आहे असं समज. विनंती करून पाहिली.

ताई


१ डिसेंबर, सकाळी

प्रिय धाकट्या,

तू काल बाजूच्या दाराने निघून गेलास, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. गाडी दुपारची आहे असं भाची लॉजवर विचारून आली. तेव्हा भरभर लिहिते.

आधी हे, की पहिला अर्धा तास तू फार सुंदर बोललास. मला वाटलं, वाचलो. मास्तरसुद्धा मान हलवत होते. मग त्यांनी ते कर्त्याच्या कर्त्याचं काढलं, मागून कोणीतरी हसलं, आणि तुझा चेहरा बदलला. लहानपणी हरायला लागलास की व्हायचा तसाच. मी मनात म्हटलं, आता हा बॉयलरकडे पळणार.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पत्र तुला मिळालं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

"माझी बहीण लाँड्रीत एकटीच होती," तू म्हणालास, आणि मी उठायला खुर्चीच्या हातावर जोर दिला. माझ्याआधी हे उठले. मला वाटलं, वाचलं ह्यांनी, आता संपलं सगळं.

हे म्हणाले, आणि ते सगळ्या सभागृहाने ऐकलं, "धाकट्या, जरा थांब रे. हे यंत्र मधलं मधलं गाळतंय. मी होतो ते त्याने लिहिलंच नाही. पुन्हा सांग, जरा हळू."

मागे एक जण हसला आणि मध्येच गप्प झाला. हे मोबाईल तुझ्याकडे धरून उभे, अंग पुढे झुकवलेलं, चेहऱ्यावर नुसता उत्साह. तू पाण्याचा पेला उचललास, न पिता ठेवलास, आणि गेलास.

पुढचं ऐक. अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं, आपल्याला उत्तर द्यायचंय का. मला वाटलं, आता हे गृहस्थ हात चोळत उठणार, आयता घास. मास्तर उठले खरे. कागद गोळा केले आणि म्हणाले, "मला यावर काही बोलायचं नाही." बसले. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले, लोक खुर्च्या सरकवू लागले, आणि विश्वाला कर्ता आहे की नाही ते तसंच राहून गेलं. वाटेत मास्तर मला म्हणाले, तुमचा भाऊ पहिल्या अर्ध्या तासात मला भारी पडत होता, हे त्याला सांगू नका. म्हणून सांगतेय.

घरी येऊन हे मोबाईल घेऊन बसले. भाषण त्यात उमटलेलं राहतं म्हणे, ते वरखाली करून गाळलेलं वाक्य शोधत होते. मला म्हणाले, "त्याला राग आला का गं? मी मध्येच बोलायला नको होतं. यंत्राचा दोष, त्या पोराचा काय दोष." पुन्हा शोधायला लागले. ते मला बघवेना. आणि त्यांना असंच ठेवलं, तर मीही ती चादर घडी घालून दिल्यासारखं होतं.

मी मोबाईलसमोर बसून बोलले. हळू बोलले, म्हणजे एकही वाक्य गळू नये. यंत्राने काही गाळलं नाही, धाकटा असंच सांगतो, इतकी वर्षं असंच सांगतो. का सांगतो तेही सांगितलं, त्या मागच्या रांगेतल्या बाईंचं. 'अगं'चंही सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना.

हे वाचत होते. नेहमीसारखं मोठ्याने नाही, मनात. आता चिडतील असं मला वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं, माझीही चीड त्यात मिसळली असती. मी म्हटलं, हाक तुम्हीच मारली असणार. दुसरं कोण मला अगं म्हणतं?

ते म्हणाले, "मला आठवत नाही. आठवत नाही ते मी माझ्या नावावर कसं घेऊ?" मग म्हणाले, "पण मी तिथे होतो. तेवढं नक्की आहे. कानच सांगतात."

आणि धाकट्या, मग मी तुझा व्हरांडा सांगितला. मला माहीत आहे, ते तुझं खासगी होतं, तू मला एकटीला लिहिलं होतंस. रागव. मी तुझं इतकं सहन केलं, तू माझं एवढं एक कर. भिंतीकडे तोंड करून तू कोणासाठी रडत होतास ते त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला, तो लावलेलाच नव्हता, कपाळावर होता. म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

आज उठल्या उठल्या कोट घातला. म्हटलं, कुठे? म्हणाले, लॉजवर. म्हटलं, पोरीबरोबर चिठ्ठी पाठवते, तो येईल. म्हणाले, "तो येणार नाही. तो हरलाय. हरला की माळ्यावर लपायचा, तूच सांगितलंस. आपण जायचं." काय म्हणणार आहात त्याला, विचारलं, तर म्हणाले, काही नाही, विचारणार आहे. काय विचारणार, ते मला सांगायला तयार नाहीत. माझाच नवरा, माझाच भाऊ, आणि मधल्यामध्ये मी इथे कागदावर घासतेय. दोघांपुढेही आता मी हात टेकले.

तर हे पत्र तेच घेऊन येताहेत. तुझ्या दाराशी ते उभे असतील, आणि दार वाजवल्यावर आतून तू 'कोण' म्हणालास तर त्यांना ऐकू येणार नाही, तेव्हा उठून उघड. मोठ्याने बोलतील, सगळा लॉज गोळा होईल, त्याची लाज बाळगू नकोस. जिना चढून आलेले असतील, आधी बसायला दे.

मोबाईल त्यांनी चालू ठेवलाय. तुला जे बोलायचं ते त्याच्यासमोर बोल, हळू बोल. या वेळी काही गाळलं गेलं, तर यंत्राने गाळलं असं ते म्हणणार नाहीत.

ताई